डोळे आले नव्हते

आमच्यात डोळे 'येतात'. आमच्या अहिराणीत म्हणतात, "डोया उनात." समोरची गुजराती शेजारीण म्हणते, "आंख आवी छे." शब्द कुठलाही घ्या, अर्थ एकच. काहीतरी बाहेरून आलंय, चार दिवस राहील, लाल करेल, चिकट करेल आणि आपल्या पायांनी परत जाईल. या एका शब्दावर मी विश्वास ठेवला. त्या विश्वासाची किंमत माझा उजवा डोळा आहे. म्हणून हे लिहायला बसले.

लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. मी कामाला जाते त्या ठिकाणच्या तीन बायकांनी मला विचारलं, "काकी, तुम्ही कोणते थेंब टाकले होते हो? नाव सांगा, म्हणजे आम्ही ते टाकणार नाही." नाव सांगून भागत नाही बायांनो. बाटलीचं नाव बदलतं. देणारा हात तोच असतो.

टिकली

मी डिंडोलीत राहते. माहेर-सासर दोन्ही अमळनेरकडचं, पण आता सगळेच सुरतेत. पूनमचे वडील लूम्सवर आहेत, लेक पूनम कॉलेजात आहे. मी सोळा वर्षं साडीच्या चेकिंगला होते. पलसाण्याच्या मिलमधून रंगून आलेली साडी टेबलावर ट्यूबलाइटखाली सरकत जाते आणि त्यात डाग, सुटलेला धागा, फिकटलेला पट्टा दिसला की तिथे लाल स्टिकर लावायचा. डोळ्यांत तेल घालून काम करणं म्हणतात ना, ते आमचं रोजचं. शेठ म्हणायचे, "इनकी नजर से मच्छर का पंजा भी नहीं बचता." मी तोंडावर हसायचे नाही, पण घरी येऊन सांगायचे.

फेब्रुवारीत लग्नसराईचा माल होता, सगळा टिकल्यांचा. साडी झटकली की चमक उडते. एक कण उजव्या डोळ्यात गेला. मी पदराने चोळला, पाणी मारलं आणि पुढची साडी ओढली. संध्याकाळपर्यंत डोळा लाल झाला. सकाळी पापण्या चिकटलेल्या होत्या.

खरं सांगायचं तर माझ्या पापण्यांच्या मुळाशी कोंड्यासारखं काहीतरी कित्येक वर्षांपासून साचायचं. सकाळी ते नखाने काढायचं आणि वरून काजळ ओढायचं, ही माझी सवय. त्याला मी आजार म्हटलं नाही कधी. तोंड धुण्यासारखंच होतं ते.

माझा भाऊ

गोकुळ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे. त्याला गावाहून सुरतेला मीच आणलं. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तो पाच वर्षं राहिला. पूनम लहान असताना तिला पाळण्यात घालून तो बारावीचा अभ्यास करायचा. पुढे मेडिकलच्या दुकानात काउंटरला लागला, लग्न झालं, दोन गल्ल्या पलीकडे घर केलं आणि आमची माय त्याच्याकडे राहायला गेली. म्हणजे माझं माहेर घरापासून सात मिनिटांवर आहे.

आमच्या गल्लीत गोकुळ म्हणजे अर्धा डॉक्टर. कोणाला जुलाब झाले, कोणाचं अंग दुखलं, "गोकुळभाऊला विचारा." तो अहिराणीत बोलतो, म्हणून आमच्या माणसांना त्याच्यावर जास्त भरवसा. डॉक्टर हिंदीत रागावतो, गोकुळ आपल्या बोलीत हसून गोळी देतो.

त्याने दारातूनच माझा डोळा बघितला.

"आक्का, डोया उनात तुना. तीन दिनमा मिटी जातीन. हाई थेंब टाक, सकाय-संध्याकाय."

खिशातून बाटली काढली. खोकं नव्हतं, कागदही नव्हता. मी विचारलं नाही. भावाला काय विचारायचं?

आणि खरंच, जादू झाली. दुसऱ्या दिवशी लाली उतरली. तिसऱ्या दिवशी डोळा पांढराशुभ्र, दुखणं नाही, पाणी नाही. मी कामावर सगळ्यांना सांगत सुटले, माझ्या भावाच्या हाताला गुण आहे म्हणून. आठ दिवस मी थेंब टाकत राहिले आणि टिकल्यांच्या साड्या तपासत राहिले. त्या आठ दिवसांत आत काय चाललं होतं, ते मला कळायला हवं होतं. मी डाग शोधणारी बाई आहे.

पांढरा ठिपका

नवव्या दिवशी ट्यूबलाइट बघवेना. उजेड सुईसारखा टोचायला लागला. मी एक साडी डाग न दिसता पुढे सोडली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. शेजारच्या टेबलावरच्या बाईने ती परत माझ्याकडे सरकवली, तेच मला लागलं.

घरी आल्यावर आरशासमोर उभी राहिले. डोळा जवळ नेला. काळ्या भागावर मधोमध नाही, थोडा खाली, एक पांढरा ठिपका होता. ज्वारीच्या दाण्याच्या टोकाएवढा. साडीवर असता तर मी दहा हातांवरून पकडला असता.

पूनम म्हणाली, "मम्मी, मामाला नको विचारूस आता. चल सीधा दवाखान्यात." मी तरी गोकुळला फोन केला. सवय. तो लगेच आला, मला गाडीवर बसवून डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. हेही लिहायला हवं. तो आला होता.

गुलाबपाणी

डॉक्टर बाई गुजराती, वयाने माझ्याच एवढ्या. त्यांनी डोळ्यात पिवळं औषध घातलं, निळ्या उजेडात बघितलं आणि मान सरळ केली.

"आंख आवी नथी, बेन. चांदुं पड्युं छे."

चांदुं म्हणजे व्रण. डोळ्यावरचा काचेसारखा पडदा सोलला गेला होता आणि तिथे पू धरला होता. मी म्हटलं, "पण डोळा तर पांढरा झाला होता, बरा झाला होता." त्यांनी तपासणीचा दिवा बाजूला केला. मग हिंदीत विचारलं, "इसमें पहले कुछ डाला था? कोई ड्रॉप, कोई दवा? याद करके बोलो. बहुत ज़रूरी है."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्या मागे उभा असलेला गोकुळ म्हणाला, "कुछ नहीं डाला मैडम. सिर्फ़ गुलाबजल."

मी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तो भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत होता, जसा काही त्याचाच डोळा तपासायचा आहे. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हां. गुलाबजल."

ते खोटं त्याने सांगितलं आणि मी त्यावर सही केली. दोघांचं आहे ते.

बाहेर बाकावर त्याने माझा हात धरला. "चिठ्ठीबिगर दिधं व्हतं मी. मालकले समजनं तं मनी नोकरी जाई, आक्का. मायले कोन देखी?" आणि मग, उठता उठता, तो जे म्हणाला ते मी आजही विसरले नाही. "जास्त दुखनं तं आपला थेंब टाकी दे. आराम पडी."

मला वाटतं त्याला तेव्हा खरंच वाटत होतं की दोन्ही औषधं चालतील. हे मी त्याच्या बाजूने म्हणते आहे. त्याच्या बाजूने म्हणण्यासारखं एवढंच आहे.

तासातासाचे थेंब

मला दाखल करून घेतलं. व्रण बारीक सुईने खरवडून काचेच्या पट्टीवर घेतला आणि तपासणीला पाठवला. डोळा बधिर केलेला असतो, दुखत नाही, पण सुई येताना दिसते. कोणाला करायचं असेल तर आधीच सांगून ठेवते, श्वास रोखू नका. रोखला की डोकं मागे जातं आणि ओरडा खावा लागतो.

मग थेंब. दर तासाला, दिवसरात्र. दोन वेगवेगळ्या बाटल्या, दोन्ही फ्रिजमधल्या, दोन्ही झोंबणाऱ्या. झोप म्हणजे चाळीस मिनिटांचे तुकडे. शेजारच्या खाटेवर मोतीबिंदू बिघडलेल्या एक म्हाताऱ्या बा होत्या, कतारगामच्या. त्यांना दिसायचं काही नाही, पण नर्सची चप्पल ओळखायच्या. नर्स दाराशी येण्याआधी बा म्हणायच्या, "ऊठ बेटा, तारो वारो आव्यो." तुझी पाळी आली. त्यांच्या सुनेने माझ्यासाठी रोज पातळ खिचडी आणली, तिखट नसलेली. मला खानदेशी माणसाला ती खिचडी गिळवत नव्हती, तरी मी खात होते, कारण ती न मागता येत होती.

गोकुळही रोज डबा आणायचा. कळण्याची भाकरी, ठेचा. डबा ठेवायचा, पाच मिनिटं बसायचा आणि डॉक्टरांची फेरी यायच्या आत निघून जायचा. ती वेळ त्याने बरोबर पाठ केली होती.

आणि माझ्या पिशवीत, कंगव्याच्या डबीत, ती बाटली होती. ठणका असह्य झाला की मी बाथरूममध्ये जाऊन तिच्यातला एक थेंब टाकायचे. खरंच आराम पडायचा.

घरचेच

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. डॉक्टर तो हातात घेऊन माझ्या खाटेवरच बसल्या. त्यांना असं बसताना मी पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, "कुठून आले हे जंतू? मिलच्या पाण्यातून? रंगातून?" सचिन-पलसाणा या गिरण्यांच्या पट्ट्यातल्या कुठल्यातरी नाल्याचं नाव त्या घेतील आणि मला शिव्या द्यायला काहीतरी मिळेल, अशी माझी तयारी होती.

"ना बेन. आ तो घरना ज छे."

घरचेच आहेत. मग त्यांनी मला समजावलं, हळूहळू, अर्धं गुजरातीत, अर्धं हिंदीत. प्रत्येकाच्या पापण्यांवर, डोळ्याच्या वरच्या ओलाव्यावर थोडे जंतू राहतातच. जन्मानंतर लगेच येतात आणि मरेपर्यंत राहतात. वाईट नसतात. जागा अडवून बसतात, त्यामुळे बाहेरच्या उपद्रवी जंतूंना सहज शिरकाव मिळत नाही. आसवं त्यांना आवरून धरतात. माझ्या पापण्यांच्या मुळाशी तो कोंडा होता, म्हणून त्यांची संख्या वाढलेली होती. टिकलीने ओरखडा काढला आणि जे दाराबाहेर बसायचे ते आत शिरले.

मी ऐकत होते आणि माझ्या अंगाची लाही होत होती. बाहेरचा कोणी असता तर मी त्याला दोष दिला असता, विसरले असते. हे माझ्याच पापणीवर बसून वाढले. मी रडले की त्यांना आंघोळ मिळाली, मी काजळ घातलं की त्यांनाही लागलं. पूनमच्या जन्माच्या वेळी ते होते, बाबा गेले तेव्हाही होते. आणि एक ओरखडा मिळाल्याबरोबर त्यांनी माझाच डोळा खायला घेतला. मला जितका राग आला तितका कुठल्याही माणसाचा आला नव्हता. तोपर्यंत.

डॉक्टर रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाल्या, "पर एक बात मुझे समझ नहीं आती. ये कमज़ोर वाले हैं. जो दवा चल रही है, उससे इनको अब तक मर जाना चाहिए था. घाव वहीं का वहीं है." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कोई इनकी मदद कर रहा है."

शेजारच्या खाटेवर बांची जपमाळ थांबली.

मी पिशवी ओढली. कंगव्याची डबी उघडली आणि बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी नाव वाचलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, "कितने दिन?"

"पहिल्या दिवसापासून. आजपर्यंत."

ते स्टेरॉइडचं औषध लाली मारतं, जंतू नाही. घरातला पहारेकरी झोपवून टाकतं, म्हणून आरडाओरडा थांबतो आणि आपल्याला वाटतं चोर गेला. व्रण असलेल्या डोळ्यात मनाने टाकायचंच नाही, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. माझा पांढराशुभ्र डोळा बरा झालेला नव्हता. गप्प केलेला होता.

"मेरे भाई ने दिया," मी म्हटलं. "दुकान का नाम मत पूछिए."

"दुकान का नाम मुझे चाहिए ही नहीं था, बेन. मुझे सिर्फ़ दवा का नाम चाहिए था. पहले दिन."

एवढंच होतं. त्याची नोकरी कोणी मागितलीच नव्हती. चार दिवस माझा डोळा कुजत राहिला तो अशा भीतीसाठी, जिला काही अर्थच नव्हता. ती बाटली बंद झाली आणि दोन दिवसांत व्रणाच्या कडा आत यायला लागल्या. हे लिहिताना अजून माझं अक्षर कागदावर जोरात उमटतं.

घरात

त्या संध्याकाळी गोकुळ डबा घेऊन आला. मी सांगितलं, "सांगितलं मी डॉक्टरांना." तो उभाच राहिला. "मनं नाव लिधं?" त्याने हेच विचारलं. डोळा कसा आहे, हे नाही. मी डबा परत दिला. त्यानंतर तो दवाखान्यात आला नाही.

पूनमच्या वडिलांना दुकानावर जाऊन तमाशा करायचा होता. मी अडवलं. मायने फोनवर रडून सांगितलं, "त्यानी मुद्दाम करं का, बाई? लहान शे तो." पस्तिशीचा माणूस लहान असतो, तो फक्त आईला. मी म्हटलं, "माय, मी पण तुझीच आहे." मग तिने विचारलं, जेवलीस का.

पूनमने तेवढं चांगलं केलं. ती मामाबद्दल एक शब्द बोलली नाही. मोबाइलमध्ये तासातासाचे गजर लावले आणि घरी आल्यावरही तीन आठवडे कॉलेजच्या मधल्या सुट्टीत येऊन थेंब घालून गेली.

व्रण भरला. डाग राहिला. पांढरट, धुरकट, बुबुळाच्या मधोमधपर्यंत पसरलेला. उजव्या डोळ्याने मला उजेड दिसतो, हलतं ते दिसतं, माणूस आहे एवढं कळतं. कोण आहे ते कळत नाही. पुढेमागे कोणी दान दिलेला पडदा बसवता येईल, असं डॉक्टर म्हणतात. नंबर लावला आहे.

कामावर मला चेकिंगवरून घडीवर बसवलं. शेठ चांगलं बोलले. पण ट्यूबलाइटखालची माझी खुर्ची आता दुसऱ्या बाईची आहे, आणि ती डाग सोडते, हे मला घडी घालताना एका डोळ्यानेही दिसतं.

शेवटच्या तपासणीला मी डॉक्टरांना विचारलं, "ते जंतू मेले ना सगळे?" त्या हसल्या. म्हणाल्या, सगळे कधीच मरत नाहीत, आणि मरायलाही नकोत. परत येतील, पापणीवर बसतील. त्यांच्याशिवाय डोळा राहत नाही. रोज सकाळी पापण्यांची मुळं कोमट पाण्याने पुसायची, नख लावायचं नाही, काजळ बंद आणि ओरखडा पडू द्यायचा नाही. मी रोज पुसते. रोज रागानेच पुसते.

आखाजी

आमच्या खानदेशात दिवाळीपेक्षा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मोठी. लेकी माहेरी येतात, झोका बांधतात, गाणी म्हणतात. पण लेक आपल्या मनाने येत नाही. भाऊ मुराळी होऊन तिला न्यायला येतो, तेव्हाच ती उंबरा ओलांडते. सुरतेत येऊनही आम्ही हे सोडलेलं नाही. सात मिनिटांचं अंतर, तरी गोकुळ दरवर्षी नवा शर्ट घालून गाडी घेऊन यायचा आणि मी पिशवी भरून, जसं काही मुक्कामाला गावी निघाले, त्याच्या मागे बसायचे. गल्लीतल्या बायका हसायच्या. आम्हीही हसायचो.

यंदा तो येईल असं मला वाटलं नव्हतं. आला. नवा शर्ट होता. गाडी बंद केली नाही, चालूच ठेवून दारात उभा राहिला.

"चाल आक्का, तुले लेवाले उनू. माय वाट देखी ऱ्हायनी."

दोन महिन्यांनी मी त्याचा आवाज ऐकत होते. मी दारात आले. तो माझ्या डाव्या डोळ्याकडेच बघून बोलत होता.

मग त्याने गाडी बंद केली आणि खाली बघत म्हणाला, "माले काय माहीत व्हतं? माले वाटनं, डोया उनात. सगळासना येतस. तुना बी उनात."

तो तोच शब्द परत आणेल असं मला वाटलं नव्हतं. माफी त्याच्या ओठांवर होती, मला दिसत होती. पण तिच्या आधी त्याने तो शब्द ठेवला, जसं त्या दिवशी गुलाबपाणी ठेवलं होतं.

मी म्हटलं, "डोया उना नही व्हता, गोकुळ. डोया ग्या."

त्याने किल्ली परत गाडीला लावली.

मायसाठी मला जायचं होतं. मी पिशवी घेतली, पूनमला आवाज देऊन सांगितलं आणि उंबरा ओलांडला. त्याने गाडीची मागची सीट हाताने पुसली.

"पायी येस मी," मी म्हटलं.

मुराळी दारात उभा असताना आमच्यात कोणी लेक पायी माहेरी गेली नसेल. मी गेले. आखाजीची गाणी कुठल्यातरी गच्चीवर चालू होती. एका डोळ्याने चालताना खड्डा जवळ आहे की लांब ते पटकन कळत नाही, म्हणून मी सावकाश चालले, डावीकडची भिंत धरून. मागे गाडीचं स्टँड वर घेतल्याचा आवाज आला, पण इंजिन सुरू झालं नाही. तो गाडी ढकलत चालत आला असावा, माझ्या उजव्या बाजूने, मायच्या दारापर्यंत.

त्या बाजूला कोण आहे, ते मला दिसत नाही.